मामाच्या बंदुकीचा पट्टा

हा मागच्या एपिसोडचा लिहिलेला अवतार. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी गप्पा त्याच आहेत. विषय ऐकून काही जण म्हणाले, "अरे, आम्हाला बंदुकीच्या पट्ट्याचं काय करायचंय?" थांबा जरा. तुमच्या खांद्यावर आत्ता जी लॅपटॉप बॅग आहे ना, तिचा आणि या विषयाचा अगदी जवळचा संबंध आहे.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. २०२४ चा जुलै. मी मुलुंडला राहतो, ऑफिस अंधेरीला चकाल्याजवळ. म्हणजे रोज मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो. घाटकोपरच्या त्या जिन्यावर, गर्दीत, कानात इअरफोन, आणि मामाचा आवाज: "गणपतीक येतलंस मां रे? येताना बंदुकेक एक बरो पट्टो घेवन ये. मुंबयत सगळा गावता म्हणतत."

मामा कुडाळपासून आत एका गावात राहतो. वय ६३. भातशेती, काजू, थोड्या केळी. आणि त्याच्याकडे एकनळी काडतुसाची बंदूक आहे, आजोबांपासूनची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हे काही विशेष नाही. कुणाकडे ठासणीची असते, कुणाकडे काडतुसाची. रात्री शेतावर राखणीला जायचं आणि रानडुकरं आली की आवाज करून पळवायची, हा तिचा मुख्य उपयोग. डुकरांचा कळप एका रात्रीत भाताच्या खाचरात घुसला की खातो कमी आणि लोळवतो जास्त.

आता तुमच्या डोक्यात आलेला प्रश्न. शिकारीला बंदी आहे ना? आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आहे, आणि "एक ससाच तर मारला" हे कारण कुठेही चालत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये सोय आहे, पण त्यासाठी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आपल्या हातात बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायचा परवाना आहे, असं नाही. मामाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यामुळे ज्याला शिकारीचे पट्टे, शिकारीच्या रायफली वगैरे रोमँटिक वाटतं त्याने इथे अपेक्षा कमी ठेवा. या गोष्टीत बंदूक जवळजवळ उडतच नाही. ती फक्त उचलून न्यावी लागते. आणि खरं सांगायचं तर जगात कुठेही शिकारी माणूस दिवसभरात बंदूक उडवतो काही सेकंद आणि खांद्यावर वागवतो कित्येक तास. पट्टा असतो तो त्या तासांसाठी.

मी मामाला फोन केला. जुना पट्टा आहे की, त्याला काय झालं? मामा टाळाटाळ करत होता. शेवटी मामीने फोन घेतला आणि सांगितलं. वहाळ ओलांडताना पट्टा तुटला होता. बंदूक खांद्यावरून सुटली आणि दस्त्यावर दणकन दगडावर आपटली. मामा मागून ओरडत होता, "पडाक नाय मी, बंदूक पडली!"

हे ऐकून मला गंमत वाटली नाही. एक तर त्या बंदुकीचा घोडा बाहेर आहे. अशा जुन्या बंदुकांमध्ये काडतूस आत असेल आणि घोड्यावर जोरात आघात झाला, तर चाप न ओढताही बार उडू शकतो. मामाने वहाळापाशी आल्यावर बंदूक उघडून काडतूस काढून खिशात टाकलं होतं. त्याची ती चाळीस वर्षांची सवय आहे, म्हणून आज मी हे हसत सांगतोय. आणि दुसरं, मामाचा उजवा खांदा गेली दोन वर्षं धरतो.

मामी शेवटी हळूच म्हणाली, "बरो पट्टो दिलंस तर ह्ये रोज रातीक बाहेर पडतले. वायट आण कायतरी."

म्हणजे बघा, क्लायंटला चांगला प्रॉडक्ट पाहिजे आणि क्लायंटच्या बायकोला वाईट. असलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी कधी पाहिलं नव्हतं.

मी काय केलं? तेच, जे आपण सगळे करतो. लोकलमध्ये उभ्या उभ्या ऑनलाइन सर्च केलं, चार पॉइंट चार स्टार वाला पट्टा पाहिला, ऑर्डर केला. काळा, जाड, मऊ, खांद्याशी स्पंजसारखं रबर, टोकांना चकचकीत हूक. फोटोत तो एका दाढीवाल्या माणसाच्या खांद्यावर बर्फात शोभून दिसत होता. घरी आला तेव्हा मलाही आवडला. मग मामाला त्याचा फोटो पाठवला. मामाने बंदुकीच्या कड्यांचा फोटो पाठवला. आणि मग कळलं की ते हूक त्या कड्यांत जाणारच नाहीत. ते हूक ज्या बंदुकांसाठी आहेत त्यांच्या दस्त्याला भोक असलेली छोटी खुंटी असते. हुकाची पिन त्या भोकातून जाते. मामाच्या बंदुकीला जुन्या पद्धतीच्या दोन चपट्या कड्या आहेत, एक नळीखाली आणि एक दस्त्याखाली. विकत घेण्याआधी फक्त एवढं विचारायचं होतं: बंदुकीला काय आहे?

तर कडीचं माप पाहिजे. मामाकडे व्हर्नियर कॅलिपर असणार नाही, आणि मोजपट्टी पत्र्याची, वाकडी. मी म्हटलं, मामा, नाणी घाल. दहाचं नाणं कडीत जात नाही. पाचचं जातं. त्याच्याकडच्या पाचच्या नाण्याचा व्यास २३ मिलिमीटर, दहाच्या नाण्याचा २७. म्हणजे मधली जागा साधारण २५, एक इंच. एक इंची पट्टी बसणार. हे मोजमाप मला अजूनही आवडतं, कारण त्याला कुठलंही ॲप लागलं नाही.

आता रुंदी. इथे तुमची लॅपटॉप बॅग कामाला येते. बारीक पट्ट्याची बॅग तासभर एका खांद्यावर घ्या, संध्याकाळी शर्ट काढल्यावर तिथे लाल रेघ दिसते. मामाची बंदूक साधारण तीन किलोची. समजा पट्टा खांद्यावर १२ सेंटिमीटर लांबीत टेकतो. पट्टा अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर टेकणारी जागा झाली ३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम. रुंदी दुप्पट केली, पाच सेंटिमीटर, की तो भार ५० ग्रॅमवर येतो. वजन तेच, पण खांद्याला अर्धं वाटतं. मग आणखी रुंद का नाही करायचा? कारण खांदा सपाट नसतो. सात-आठ सेंटिमीटरचा पट्टा घेतला तर एक कड मानेला घासते, किंवा तो मधेच दुमडतो आणि दुमडलेला पट्टा परत बारीकच. दोन इंच हा चांगला मध्य आहे. पण कडी एक इंचाची! म्हणून टोकांना एक इंच आणि खांद्याशी दोन इंच, असा पट्टा पाहिजे. आणि खांद्याजवळचा तो रुंद तुकडा मुख्य पट्टीवर सरकता असला तर उत्तम, कारण मामा बंदूक कधी नळी वर करून घेतो, कधी खाली करून, त्याप्रमाणे खांद्यावर टेकणारी जागा बदलते.

घसरण्याचं गणित वेगळं. आपला खांदा मानेपासून बाहेरच्या बाजूला उतरता असतो, घराच्या कौलासारखा. त्या उतारावर पट्टा टिकतो तो फक्त घर्षणाने. गुळगुळीत नायलॉन आणि वरून पॉलिएस्टरचा टी-शर्ट, म्हणजे घसरगुंडीच. लोक मग नकळत तो खांदा वर उचलून चालतात. ट्रेनमध्ये बघा, एका खांद्यावर बॅग घेतलेली दहातली सात माणसं एका बाजूने किंचित उचललेली दिसतील. दुखतो तो वजनापेक्षा या उचलून धरण्याने. मामाचं दुखणं तिथलंच असावं, असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही, त्याला हाडाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलंय, तो गेलेला नाही. उपाय म्हणून खांद्याशी टेकणाऱ्या बाजूला जरा खरखरीत कापड किंवा रबराच्या बारीक रेघा असाव्यात. फार चिकट नको. फार चिकट असेल तर बंदूक उतरवताना शर्टच वर येतो.

टेस्टिंगचा प्रश्न होता. मुलुंडच्या टू बीएचकेमध्ये माझ्याकडे बंदूक नाही, नसावीही. मी दीड इंची पीव्हीसी पाइपचा चार फुटांचा तुकडा घेतला, आत वाळू भरली, दोन्ही टोकांना टोप्या लावल्या. वजन झालं तीन किलोच्या आसपास. त्याला तो ऑनलाइनवाला पट्टा कसाबसा बांधला आणि रात्री जेवण झाल्यावर बिल्डिंगचे जिने चढायला लागलो. सात मजले वर, सात खाली. वॉचमनकाका दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, पाइप फिरायला नेताय का?"

त्या जिन्यांनी मला खूप शिकवलं. पहिलं हे की ताणला जाणारा मऊ पट्टा उभं राहिल्यावर स्वर्ग वाटतो आणि चालायला लागल्यावर वैताग आणतो. तो स्प्रिंग आहे. प्रत्येक पावलाला तीन किलो वर-खाली डोलतात, मग आपण एक हात पाइपवर ठेवून त्याला गप्प बसवतो. म्हणजे हात मोकळा ठेवायला पट्टा घेतला आणि हात पट्ट्यातच गुंतला. कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्यांना हे माहीत असेल. दुसरं, ते हूक आवाज करतात. टिक, टिक, टिक. जिन्यात बरा वाटतो. रात्री शेतात, डुक्कर येतंय का ते ऐकत बसलेल्या माणसाला तो आवाज नको असतो. वेल्क्रोही त्याच कारणाने बाद.

मधल्या एका शनिवारी फोर्टातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदारकाकांनी तीन पट्टे काउंटरवर ठेवले. चामड्याचा, विणलेला, आणि तिसरा एक विचित्र, ज्याला एका टोकाला दंडात घालायचा कफ होता. मी तिसऱ्याकडे हात नेला तसे ते म्हणाले, "तो वागवायचा नाही, तो नेमाचा."

हा फरक मला अर्धवट माहीत होता. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना उस्तादांनी पॉइंट टू टू रायफल झोपून चालवायला शिकवली होती, तेव्हा पट्ट्याचा वेढा डाव्या दंडाला घालायला लावला होता. मला तेव्हा वाटलं, शिस्तीचा भाग असेल. ते शास्त्र आहे. झोपून किंवा गुडघ्यावर बसून नेम धरताना डावं कोपर टेकलेलं असतं, आणि दंडापासून रायफलीच्या पुढच्या भागापर्यंत पट्टा ताणलेला असतो. दंड, पुढचा हात आणि पट्टा यांचा त्रिकोण होतो. मग रायफलीचं वजन स्नायू पेलत नाहीत, हाडं आणि पट्टा पेलतात. स्नायू थकतो, थरथरतो. पट्टा थकत नाही. एकच त्रास, दंड आवळल्यामुळे नाडीचे ठोके पट्ट्यातून रायफलीपर्यंत पोचू शकतात, म्हणून नेमबाजांचं जाकीट एवढं जाड असतं. स्पर्धेच्या नियमात पट्ट्याची रुंदीसुद्धा ठरलेली आहे, ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. आणि उभ्याने गोळी झाडताना पट्टा वापरताच येत नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेची ५० मीटर थ्री पोझिशनची फायनल होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, आणि तेव्हा नोकरी मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस. म्हणजे आपल्याच लाइनचा माणूस. ऑफिसच्या पँट्रीत दुपारी सगळे फोनला चिकटले होते. सगळे स्कोअर बघत होते, मी त्याच्या डाव्या दंडाकडे बघत होतो. गुडघ्यावर, मग झोपून, तोपर्यंत पट्टा सोबतीला. मग उभ्याने, पट्ट्याशिवाय, फक्त अंग. तिथे तो तिसऱ्या नंबरवर आला, ४५१.४ गुण, कांस्य. बाजूची टीममेट म्हणाली, "तू रडतोयस का?" मी म्हटलं, "नाही गं, पट्टा बघत होतो." ते उत्तर तिला पटलं नाही.

पण मामाला हा पट्टा नको होता. ज्या वस्तूचं नाव एक आहे तिची कामं दोन असू शकतात, आणि दुकानात उभं राहिल्यावर आपल्याला नेहमी जास्त भारी दिसणारं काम हवंसं वाटतं.

उरले चामडं आणि विणलेली पट्टी. चामडं मला मनापासून आवडतं. दिसायला सुंदर, खांद्यावर हळूहळू आपला आकार घेतं, घसरत नाही, आवाज करत नाही. कोरड्या हवेत, देशावर कुणी विचारलं असतं तर मी चामडंच सांगितलं असतं. पण कुडाळचा पाऊस! तुमच्या मुलुंड-बोरिवलीच्या कपाटात लटकवलेला कंबरेचा पट्टा जुलैत पांढऱ्या बुरशीने भरतो की नाही? तिथे तर विचारूच नका. ओलं चामडं जड होतं, वाळलं की कडक होतं, तडकतं, आणि तेल लावत बसावं लागतं. मामा म्हशीला तेल लावेल, पट्ट्याला लावणार नाही. सुती कॅनव्हास त्याहून फसवा. जुन्या थ्री नॉट थ्री रायफलींना सव्वा इंची सुती विणलेला पट्टा असायचा आणि तो खरंच दणकट असे, पण त्याची काळजी घ्यायला अख्खी फौज होती. ओला सुती पट्टा आकसतो, पाणी धरून ठेवतो, आतून कुजतो. मामाचा तुटलेला पट्टा कॅनव्हासचाच होता. मी मुद्दाम त्याचे फोटो मागवले. गंमत म्हणजे पट्टी शाबूत होती. तुटली होती ती शिवण. सुती दोरा कुजला होता आणि गंजलेल्या बकलाने उरलेलं काम केलं होतं.

म्हणून नायलॉन. खाटेच्या नवारीसारखी विणलेली, एक इंची. ती पाणी फार पीत नाही, लवकर वाळते, कुजत नाही. चांगल्या पट्टीला शेकडो किलोंचा ताण सहज पेलतो, म्हणजे तीन किलोंच्या बंदुकीसाठी पट्टीच्या ताकदीची चिंता करायचीच नाही. चिंता करायची ती तीन ठिकाणांची: शिवण, बकल आणि जिथे पट्टी कडीवर घासते ती जागा.

दुकानातल्या तयार विणलेल्या पट्ट्याला परत हूकच होते. मग मी मुलुंड स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. हूक नाही, धातूच नाही. पट्टी सरळ कडीतून ओवायची, परत मागे आणायची आणि बकलात घालायची. बकल प्लास्टिकचं, मधे दांडी असलेलं, जसं आपल्या सॅकला लांबी कमी-जास्त करायला असतं. काकांनी पट्टीची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून बंद केली, म्हणजे धागे सुटणार नाहीत. शिवण चौकोनी, आणि चौकोनात फुली. ही फुली शोभेची नसते. सरळ एका ओळीत शिवलं तर सगळा ताण पहिल्या टाक्यावर येतो, तो गेला की दुसरा, मग तिसरा, चेन ओढल्यासारखी शिवण उसवते. चौकोन आणि फुलीत ताण पसरतो. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले का?"

खांद्याचा तुकडा दोन इंची, आत पातळ फोम, खालून खरखरीत कापड. सगळं मिळून १७० रुपये. ऑनलाइनवाला कितीचा होता ते मी इथे सांगणार नाही, आई हा ब्लॉग वाचते.

लांबी ठरवणं हे शेवटचं आणि सगळ्यात चिवट काम. नळी वर करून खांद्यामागे बंदूक घेतली की कोकणात ती काजूच्या खालच्या फांद्यांत आणि करवंदीच्या जाळीत अडकते. खाली वाकून जाताना तर हमखास. नळी खाली करून घेतली की फांद्या लागत नाहीत, पाऊस आत जात नाही. पण पट्टा लांब असेल तर बांध चढताना नळीचं तोंड चिखलात टेकतं. नळीत चिखल अडकलेला असताना बार काढला तर नळीच फाटू शकते. म्हणून लांबी अशी पाहिजे की नळी खाली केल्यावर तोंड गुडघ्याच्या वर राहील. आणि पावसात अंगावर जाड रेनकोट चढला की तीच लांबी आखूड पडते, तेव्हा ओल्या बोटांनी, अंधारात, एका हाताने सैल करता आली पाहिजे. मी मामाच्या उंचीच्या वडिलांना पाइप लटकवून हॉलमध्ये फिरवलं. ८५ ते १०५ सेंटिमीटर एवढी हालचाल ठेवली.

मग गच्चीवर जाऊन पट्टा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला बांधला आणि मी स्वतः लटकलो. ६८ किलो. शिवण हलली नाही. बकल मात्र दोन सेंटिमीटर सरकलं. कारण पट्टी बकलातून एकदाच गेली होती. तीच पट्टी उलटी फिरवून परत एकदा त्याच बकलातून घेतली की ती स्वतःलाच दाबून धरते. परत लटकलो. शून्य. तुमच्या सॅकचे पट्टे आपोआप लांब होत असतील तर आज घरी जाऊन हे करून बघा. फुकट आहे.

गणपतीला ठाण्याहून कोकणकन्या धरली, कुडाळला उतरलो. मामाने पट्टा हातात घेतला, उलटसुलट बघितला, कडीत ओवला. मग खांद्यावर घेऊन अंगणातून मांगरापर्यंत गेला आणि आला. काही बोलला नाही. रात्री आरत्या झाल्यावर मी विचारलं, खांदा? म्हणाला, "हातान धरूची लागत नाय." मला एवढं पुरे होतं. मी त्याला दोन गोष्टी बजावल्या, जशा काही त्याला माहीत नव्हत्या: पट्ट्यावर असलेली बंदूक म्हणजे रिकामी बंदूक, आणि घरी आल्यावर पट्टा नळीभोवती गुंडाळून ठेवायचा नाही. ओला पट्टा नळीला चिकटून राहिला की एका रात्रीत गंजाची रेघ उमटते. वस्तू फाटली आहे का बघायची तर रोज नाही, पण दर अमावास्येला शिवणीवर अंगठा फिरवायचा, हे त्याचं त्याने ठरवलं.

मामीला मी काय सांगितलं? खरं तेच सांगितलं. वाईट पट्टा आणला असता तरी मामा गेलाच असता, सुतळीने बांधून गेला असता. मामी म्हणाली, "म्हायती आसा माका." आणि मला आणखी एक मोदक वाढला. ती रागावली होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आता यातला शेवटचा भाग, जो मी कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये धरला नव्हता. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता म्हटलं की बऱ्याचदा परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, पावती घ्यायची, निवडणूक उरकली की परत आणायची. ऑक्टोबर म्हणजे भात तयार झालेलं, कापणीचे दिवस. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. मामा बंदूक कव्हरमध्ये घालून एसटीने गेला आणि जमा करून आला. जाण्याआधी पट्टा काढून घरी ठेवला, कारण पावतीवर फक्त बंदूक लिहितात.

महिनाभर तो राखणीला गेला डालड्याचा डबा, काठी आणि चार्जिंगची मोठी बॅटरी घेऊन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर फोटो आला. पट्टा त्या बॅटरीला लावलेला, दोन्ही टोकांना ओवून, बकलातून उलटा फिरवून, बरोबर मी दाखवला तसा. खाली व्हॉइस नोट: "बॅटरीक बरो बसलो. आता बंदुकेक दुसरो शिव."

काकांकडे शनिवारी जातोय. यावेळी खांद्याचा तुकडा थोडा लांब करून घेईन.